चौतीस आणि तेरा

१

तेराची बाटली उघडलेलीच नव्हती.

शनिवारी सकाळी मन्मथप्पाने ती प्रयोगशाळेच्या फ्रीजमधून काढली आणि डॉक्टर शांतादेवींच्या समोर टेबलावर ठेवली. अंगठ्याएवढी बाटली, झाकणाभोवती कंपनीचं सील, आणि सील असं कोरं, की नव्या नवरीनंही त्याच्यापुढे लाजावं.

"मॅडम, काल तुम्ही रिपोर्टवर सही केलीत," मन्मथप्पा म्हणाला. तो इथला तंत्रज्ञ. बोलायचा हळू, पण बोललेलं मागे घ्यायची त्याला सवय नव्हती. "त्यात लिहिलंय, तेराचा रंग लावला आणि गाठीनं तो धरला नाही. बाटली तर ही अशी. मग धरला नाही म्हणजे काय धरला नाही?"

शांतादेवींनी बाटलीकडे आधी चष्म्यावरून पाहिलं, मग चष्म्यातून. सील दोन्हीकडून शाबूतच दिसलं.

"तूच उघडून परत चिकटवलं नाहीस ना?"

"मी बुधवारपासून छावणीवर होतो. जनावरं मोजायला. अध्यक्षांनीच धाडलं होतं."

हे खरं होतं. दोन हजार सोळाचा तो उन्हाळा. मांजरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि केज तालुक्यात ज्याला शंभराच्या पुढे मोजता येतं अशा प्रत्येकाला चारा छावणीवर धाडलं जात होतं. मांजराकाठ सहकारी रुग्णालयात अशी माणसं दोनच होती. त्यातल्या शांतादेवी सदुसष्ट वर्षांच्या, म्हणून सुटल्या.

अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात तीस वर्षं त्यांनी पोरांना सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या होत्या. निवृत्तीनंतर घरी शेंगा फोडत बसण्यापेक्षा बरं, म्हणून त्या इथे मानद म्हणून यायच्या. इतक्या वर्षांत त्यांच्या सहीचा रिपोर्ट कधी परत आला नव्हता. हाही आला नव्हता. पण बाटली आली होती.

आणि त्या रिपोर्टवर एका बाईची पोटरी टांगलेली होती.

भिवराबाई युसूफ वडगावची. महिला दूध संस्थेची अध्यक्ष, आणि सव्वासहाशे जनावरांच्या छावणीची मालकीण नसली तरी आई. तिच्या डाव्या पोटरीवरची सुपारीएवढी गाठ गेल्या आठवड्यात इथेच काढली होती. आता रिपोर्ट वाईट आला, म्हणून सोमवारी सकाळी जीपने तिला मुंबईला न्यायचं ठरलं होतं. तिथे गाठीच्या जागेभोवती चार-चार बोटं आणि खाली पार मांसापर्यंत कापणार, मग मांडीची कातडी काढून तिथं लावणार. हे सगळं ऐकून भिवराबाईने एवढंच विचारलं होतं, "मग खाली उरंल काय, हाडूक?"

मुळात भानगड अशी, की कातडीतल्या दोन गाठी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. एक डर्मॅटोफायब्रोमा, दुसरी डर्मॅटोफायब्रोसार्कोमा. नाव निम्मं होईपर्यंत दोघी एकच असतात, आणि नाव संपेपर्यंत पेशंट घाबरून पाणी मागतो. पहिली गरीब, काढली की विषय मिटला. दुसरी हरळीसारखी, वरून एवढीशी, आणि मुळं चरबीत पसरलेली. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात भलेभले फसतात. म्हणून दोन खास रंग, खरं तर अँटिबॉडी, वापरायचे: सीडी चौतीस आणि फॅक्टर तेरा. हरळी चौतीस धरते, तेरा सोडते. गरीब गाठ तेरा धरते, चौतीस सोडते. धरलं की तपकिरी, सोडलं की कोरं.

चौतीसला एक खोड मात्र आहे. कुणाच्याही कातडीत रक्तवाहिनी दिसली, की तिचं अस्तर तो तपकिरी करतोच. गाठ कसली का असेना. बोलावणं नसताना पंगतीला बसणाऱ्या पाहुण्यासारखा.

"चौतीस तरी बरा आहे ना?" शांतादेवींनी विचारलं.

"झकास. आल्या आल्या जुन्या ओळखीच्या गाठीवर लावून कसोटी घेतली होती. तेराची कसोटी राहिलीच, तेवढ्यात छावणी लागली."

शुक्रवारी ताटलीत दोन काचा होत्या. वरच्या घरात चौतीसची, खालच्या घरात तेराची, हा इथला नियम. वरची गाठ गच्च तपकिरी. खालची कोरी. म्हणजे हरळी. शांतादेवींनी सही केली होती.

"न लावलेल्या रंगाचा निकाल मी या डोळ्यांनी पाहिला," त्या सावकाश म्हणाल्या. "मग मी पाहिलं काय?"

२

बातमी अध्यक्षांपर्यंत पोचायला चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

अर्जुनराव प्रयोगशाळेत आले ते टोपी सरळ करतच. ते रुग्णालयाचे अध्यक्ष. शेजारच्या संस्थेने नुसतं एक्स-रे मशीन घेतलं, म्हणून त्यांनी थेट ही रंगांची प्रयोगशाळा काढली होती. रंग दोनच आले होते. पण उद्घाटन दोनदा झालं होतं.

"मॅडम, हा घातपात हाय," ते बसता बसता म्हणाले. "गीताबाईचा हात हाय ह्यात. पुढल्या महिन्यात दूध संस्थेची निवडणूक. भिवराबाई मुंबईला गेली की गीताबाईला रान मोकळं."

"गीताबाईंना अँटिबॉडी म्हणजे काय ते माहीत आहे?"

"मला तरी कुठं माहीत हाय? पण मी अध्यक्ष हायच ना." अर्जुनरावांनी आवाज खाली आणला. "माझं ऐका. दुपारी संचालक मंडळ हायच. गाठ चांगली का वाईट, मताला टाकू. बहुमतानं जे ठरंल ते."

"टाका. पण गाठ सभासद आहे का ते आधी बघा."

अर्जुनरावांनी यावर खरोखर विचार केला. शांतादेवींनी तेवढ्यात विचारून घेतलं, "फ्रीज कोण कोण उघडतं?"

अध्यक्षांची नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर बघण्यासारखं रिकाम्या टँकरशिवाय काही नव्हतं.

"आता... पाव्हण्यांसाठी पेढे असत्यात माझे त्यात. एवढ्या उन्हात बाहेर टिकत न्हाईत. आन गीताबाई ताकाची किटली ठिवती."

"म्हणजे तालुक्यातलं एकमेव गार ठिकाण म्हणजे माझी प्रयोगशाळा."

"सहकार हाय मॅडम."

अध्यक्ष गेल्यावर त्यांनी शहादेवला बोलावलं. शहादेव बावन्न वर्षांचा मदतनीस, कॉलेजपासून त्यांच्याबरोबर. मन्मथप्पा छावणीवर असताना गुरुवारी काचा त्यानेच रंगवल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने. शांतादेवींचं माहेर बीदरकडचं. रागावल्या किंवा लाडात आल्या की त्या त्याच्याशी दखनीत बोलायच्या. आता नक्की कोणतं कारण होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"क्या रे शहादेव, क्या किया रे तू?"

"तुमी सांगितलं तेच केलं. एक अक्षर इकडं-तिकडं न्हाई." शहादेव छातीवर हात ठेवून म्हणाला. "बुधवारी उदगीरवरनं तुमचा फोन आला. मागं लग्नाचा बँड. तुमी म्हनलात, भिवराबाईचं चौतीस कर, चौतीस के साथ तेरा बी लगा. लावलं. घड्याळ बघून लावलं."

फोन त्यांना आठवत होता. भाच्याच्या लग्नात एका कानात बँड आणि दुसऱ्या कानात शहादेव, असं ते बोलणं झालं होतं. तेरा लावायला सांगितलं होतं, हे नक्की.

"तेरा लावलास?"

"आईशपथ."

"बाटली बंद आहे, शहादेव."

शहादेवने बाटलीकडे पाहिलं. अगदी अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. "ही कोन?" तो म्हणाला.

खोटं बोलणारा माणूस इतका गोंधळत नाही, हे शांतादेवींना तीस वर्षांच्या तोंडी परीक्षांनी शिकवलं होतं. जाता जाता तो दारात थांबला. "मॅडम, भिवराबाईला म्या धीर दिला बरं का. म्हनलं, माझ्या बी पाठीवर आसलीच हरळी निघालती, धा वर्षं झाली. बघा, आजून बैलावानी हाय."

तो गेल्यावर त्यांनी सोमवारची पहिली, साधी गुलाबी-जांभळी काच पुन्हा भिंगाखाली धरली. गाठ त्यांना तेव्हाही गरीब वाटली होती, म्हणून तर हे दोन रंग. मधेच काळे बारीक कण विखुरलेले दिसले. ते सोमवारीही दिसले होते. या दुष्काळात धूळ कुठं नाही, असं म्हणून त्यांनी तेव्हा सोडून दिलं होतं.

आताही सोडणार होत्या. इतक्यात फ्रीजचं दार करकरलं, आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "चोरच म्हनायचं तर म्हना, पण ताक माझं मला न्यू द्या."

३

गीताबाई पन्नाशीची, उंच, आणि हातात किटली. संशयिताने स्वतःहून हजर व्हावं, याहून तपासाला मोठी मदत नसते. शांतादेवींनी तिला स्टूल दिलं. गीताबाईने त्यांना ताक दिलं.

"अध्यक्ष म्हणतात, भिवराबाई मुंबईला गेल्या की तुम्हाला रान मोकळं."

"त्याला राजकारण कळत आसतं तर दवाखान्याचा अध्यक्ष झाला आसता व्हय?" गीताबाई शांतपणे म्हणाली. "भिवरीची पोटरी कापली आन ती काठी टेकीत मताला उभी ऱ्हायली, तर सारा तालुका रडंल. मग मला मत कोन देतंय? आपलं घर धरून मला दोन मतं पडतील, त्यात बी नवऱ्याचा भरवसा न्हाई. तिची पोटरी धडधाकट पायजे, मंग मी तिला पाडीन."

कारण इतकं बिनतोड होतं, की शांतादेवींनी आणखी ताक घेतलं.

"तशा तुमची दोघींची ओळख जुनी?"

"जुनी? एका दिवशी गोंदून घेतलंय दोघींनी. येरमाळ्याच्या जत्रंत. मी नऊची, ती अकराची. मला तुळस काढली." गीताबाईने मनगट पुढे केलं, तुळस हिरवट झाली होती, पण वृंदावनासकट उभी होती. "तिला पायजे मोर. गोंदणारीनं पोटरीवर काढला काय, तर कोंबडा. चाळीस वर्सं झाली. ती मोर म्हनती, आमी कोंबडा म्हनतो. एकदा ग्रामसभेत बी निघालता ईषय."

शांतादेवींचा पेला ओठांपाशी थांबला. त्यांनी भिवराबाईची गाठ पाहिली होती. भिवराबाईचा पाय कधीच पाहिला नव्हता.

"कोणत्या पोटरीवर?"

"डाव्या. गाठ बी बघा कुठं आली मेली, बराबर मानंवर. तुऱ्याच्या बुडाशी." गीताबाईने किटलीचं झाकण लावलं. "तुमी आसं कावून बघून ऱ्हायलाव माझ्याकडं?"

शांतादेवी तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या धुळीकडे बघत होत्या.

४

धूळ वर बसते. शाई आत जाते.

तीस वर्षं पोरांना शिकवलेलं वाक्य त्यांना स्वतःला आता आठवलं. गुलाबी काचेवरचे ते काळे कण त्यांनी भिंग खालीवर करून पाहिले. काचेवर नव्हते. कातडीत होते, खोल, पेशींच्या पोटात, चाळीस वर्षं मुक्काम केल्यासारखे. तो येरमाळ्याचा मोर होता. किंवा कोंबडा.

मग त्यांनी शुक्रवारची खालची काच लावली, जी तेराची म्हणून त्यांनी वाचली होती. गाठ कोरी. काळे कण जागच्या जागी. आणि गाठीच्या आजूबाजूला... त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. रक्तवाहिन्यांची अस्तरं सुरेख तपकिरी होती. एकूण एक.

वरची काच लावली. गच्च तपकिरी गाठ, चरबीत हरळीसारखी घुसलेली. काळा कण एकही नाही. काचेच्या कडेला पेन्सिलीने भिवराबाईच्या केसचा नंबर ११७, आणि कोपऱ्यात एक बारीक 'श'. शुक्रवारी त्यांना वाटलं होतं, श म्हणजे शांतादेवींकडे द्यायची.

त्या खुर्चीत मागे रेलल्या. मग एकट्याच हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या, की मन्मथप्पा पाणी घेऊन आला. पाणी जपून वापरायचे दिवस, अर्धाच पेला.

"गुन्हेगार सापडला?" त्याने विचारलं.

"सापडला. वय सदुसष्ट, चष्मा आहे, आणि बीदरचं माहेर सुटत नाही. सगळ्यांना सभागृहात बोलाव. अकराच्या अकरा संचालक. आणि शहादेवला सांग, सदरा काढायची तयारी ठेव."

५

सभागृहात पंखा होता, वीज नव्हती. भिवराबाई छावणीवरून थेट आली होती. पदराला कडब्याच्या काड्या होत्या. ती खुर्चीच्या टोकावर बसली, डावा पाय जरा पुढे, जणू पायालाच समन्स निघालं होतं. गीताबाई तिच्या शेजारी, पण मधे किटली.

"बोलायच्या आधी एक इचारते," भिवराबाई म्हणाली. "सोमवारी जीप यायची का न्हाई? कारण मला बाराशे पेंढ्यांचा हिशोब कुनाच्या तरी गळ्यात घालायचाय."

"ते पाच मिनिटांत सांगते," शांतादेवी म्हणाल्या. "बाटली बंद. म्हणजे दोन्ही काचांपैकी एकीलाही तेरा लागलेला नाही. इथपर्यंत कुणाची हरकत?"

हरकत नव्हती. अर्जुनरावांनी ते सर्वानुमते मंजूर असं टिपून घ्यायला सांगितलं.

"मग खालच्या काचेला काय लागलंय? तिच्यातल्या रक्तवाहिन्या तपकिरी आहेत. हे काम चौतीसच करतो. म्हणजे दोन्ही काचांना चौतीसच. आता एका बाईची एक गाठ, रंगही एकच; तर वरची गच्च आणि खालची कोरी, असं कसं?"

"रंग कमी पडला आसंल," एक संचालक म्हणाले.

"रंग कमी पडला असता तर रक्तवाहिन्याही कोऱ्या राहिल्या असत्या. नाही, साहेब. गाठ एक नाहीच. गाठी दोन आहेत. भिवराबाईंच्या पोटरीवर गोंदण आहे. त्याची शाई गुलाबी काचेत आहे, खालच्या काचेत आहे. वरच्या काचेत शाईचा टिपूस नाही. वरची काच भिवराबाईंची नाही."

सभागृहात पंखा फिरत नव्हता, हे तेव्हा सगळ्यांना एकदम जाणवलं.

"मंग कुनाची?" भिवराबाईने विचारलं.

"शहादेव, उठ. पाठ दाखव."

शहादेवने सदरा वर केला. डाव्या खांद्याच्या फऱ्यावर वीतभर जुना व्रण होता.

"दहा वर्षांपूर्वी याच्या पाठीवरची हरळी काढली. तिचा मेणातला तुकडा मी जपून ठेवलाय. चौतीसची कसोटी आम्ही त्याच्यावरच घेतो, कारण त्याचा निकाल आधीच ठाऊक असतो. कोपऱ्यातला श म्हणजे मी नव्हे. शहादेव." त्या त्याच्याकडे वळल्या. "आता सांग. भिवराबाईंच्या ताटलीत तुझी काच का घातलीस?"

"तुमीच सांगितलं की," शहादेव म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं, यात विचारण्यासारखं काय आहे. "फोनवर. चौतीस के साथ तेरा बी लगा. म्हनलं, मॅडमला माझी बी बघायची आसंल, धा वर्सं झाली म्हनून. म्या माझा तुकडा घेतला, चौतीस लावला, ताटली भिवराबाईची म्हनून नंबर तिचाच टाकला, कोपऱ्यात माझा श. कसोटीला वळखीची काच वरच्या घरात, पेशंटची खाली, आसंच मन्मथप्पा करत्यात. तेरा लगा. माझा लावला."

मग मन्मथप्पाच्या तोंडून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, मोठ्याने हसू फुटलं.

"आकडा, बे," तो म्हणाला. "आकडा तेरा. बारा आन एक."

शहादेवचं तोंड उघडंच राहिलं. "आन म्या म्हनतोय, मॅडमला माझी लई काळजी."

"चूक याची नाही," शांतादेवी म्हणाल्या. "मराठीत सांगितलं असतं तर मराठीतच झालं असतं. शिवाय शुक्रवारी मी रंग पाहिला, कातडी पाहिलीच नाही. सही माझी आहे. रिपोर्ट मी परत घेते."

त्यांनी खिशातून रिपोर्टची घडी काढली आणि फाडली. भिवराबाईने कागदाचे तुकडे पाहिले, मग आपला पाय पाहिला.

"म्हंजे जीप न्हाई?"

"चौतीस कोरा आहे, तो तुमचाच. निम्मा निकाल लागला. उरलेला निम्मा या बाटलीत आहे. संध्याकाळी पाचला सांगते."

६

सील तोडायला अर्जुनरावांनी नारळ मागवला. तिसरं उद्घाटन कुणाला सांगूनही टळलं नसतं.

या वेळी रंग मन्मथप्पाने लावला, आणि शहादेव शेजारी उभा राहून प्रत्येक पायरीला "कुनाचा?" असं विचारत होता. पाच वाजता शांतादेवींनी काच भिंगाखाली सरकवली. मागे अकरा संचालक, दोन बाया आणि एक किटली दाटीवाटीने उभी होती.

गाठ तपकिरी होती. काठोकाठ, पिकलेल्या चिंचेसारखी. मधे काळी शाई आपली बसून होती.

"गरीब गाठ," शांतादेवी म्हणाल्या. "काढली तेव्हाच विषय मिटला होता. आपण उगीच वाढवला."

भिवराबाई खाली वाकली आणि डाव्या पोटरीवर दोनदा थोपटलं, परत आलेल्या वासरावर थोपटतात तसं. गीताबाईने किटली उघडली, पहिला पेला तिला दिला आणि म्हणाली, "पी. पुढल्या महिन्यात पाडायचंय तुला." अध्यक्षांनी मुकाट्याने फ्रीजमधले पेढे काढले.

मंडळाची तहकूब सभा तिथेच, फ्रीजच्या साक्षीने पुरी झाली. ठराव पहिला: यापुढे प्रयोगशाळेत तेरा या आकड्यास 'बारा अधिक एक' म्हणावे. मंजूर. ठराव दुसरा: तंत्रज्ञास जनावरे मोजण्यास पाठवू नये. मंजूर, एक विरोधात; विरोध छावणीच्या वतीने भिवराबाईचा, आणि ती संचालक नसल्याने तो मोजला नाही.

"आता माझा एक ठराव," भिवराबाई म्हणाली आणि पातळाचा काठ वीतभर वर घेतला. पोटरीवर सहा टाक्यांची रेघ होती. रेघेखाली एक पक्षी होता. मानेवरचा तुरा गाठीबरोबर गेला होता. "तुरा हुता तवा तरी चार मानसं मोर म्हनत हुती. आता काय? कागदावर घ्या. मोर."

"कोंबडा," गीताबाई म्हणाली.

अर्जुनरावांनी मत घेतलं. पाच मोर, पाच कोंबडा. अध्यक्षांचं निर्णायक मत उरलं. पण पुढच्या महिन्यात निवडणूक होती, आणि समोर दोन्ही उमेदवार उभ्या होत्या. घाम पुसून ते शांतादेवींकडे वळले.

"मॅडम, तुमीच सांगा. तुमचा शब्द अखेरचा."

शांतादेवींनी चष्मा लावला. वाकून त्या पक्ष्याकडे आधी चष्म्यावरून पाहिलं, मग चष्म्यातून, आणि बराच वेळ पाहिलं.

"दोघं फार सारखे दिसतात," त्या म्हणाल्या. "वरवर बघून मी आता सही करणार नाही. रंग लावावा लागेल."

"लावतो की," दारातून शहादेव म्हणाला. "फकस्त कुनाला लावायचा ते मराठीत सांगा."